प्रिंट दाबलं की पीडीएफ आपोआप जागेवर: नाव आणि फोल्डर एकदाच ठरवून द्या

बांधकाम साहित्याच्या एका दुकानात मी काही वर्षं हिशेब बघायचो. दिवसाला ६०-७० बिलं निघायची. प्रत्येकाची पीडीएफ करायची, गिऱ्हाइकाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायची, एक प्रत आपल्याकडे ठेवायची. काउंटरवरचा मुलगा कंट्रोल-पी दाबायचा, 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' हा कागदाऐवजी फाईल काढणारा प्रिंटर निवडायचा, सेव्हची खिडकी उघडली की हाताला येईल ते नाव टाकायचा. 'बिल', 'बिल१', 'बिल नवीन', 'बिल नवीन नवीन'. वर्षअखेरीला सीएच्या ऑफिसातून एका पार्टीची ऑक्टोबरची बिलं मागितली, तेव्हा आम्ही दोघं अख्खी दुपार एकेक फाईल उघडून बघत बसलो.

त्याला दोष देण्यात अर्थ नव्हता. समोर चार गिऱ्हाइकं उभी असताना फाईलला नीट नाव कोण देणार? हे काम माणसाच्या हातून काढून प्रिंटरच्या सेटिंगमध्ये टाकायला हवं होतं. क्लिक वाचतात तो वरकड फायदा.

एक गोष्ट आधीच तपासा. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये थेट पीडीएफ एक्सपोर्टची सोय असेल तर प्रिंटच्या वाटेला जाऊच नका. वर्ड, एक्सेल, लिबर ऑफिस यांतून एक्सपोर्ट केलेल्या फाईलमध्ये लिंका आणि अनुक्रमणिका जिवंत राहतात. प्रिंट करून केलेल्या फाईलमध्ये त्या बहुधा मरतात. खाली सांगितलेलं सगळं कामाला येतं ते जिथं 'प्रिंट' याच्यापलीकडे बटणच नाही तिथं: दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं बिलिंग सॉफ्टवेअर, ब्राउझरमधल्या पावत्या, वजनकाट्याच्या स्लिपा.

प्रिंटर म्हणजे ड्रायव्हर आणि पोर्ट

विंडोजमधला प्रत्येक प्रिंटर दोन भागांचा असतो. ड्रायव्हर पान तयार करतो आणि पोर्ट ते पान कुठं पाठवायचं हे सांगतो. २०१५ मध्ये विंडोज १० सोबत आलेला 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' यालाही हेच लागू. त्याच्या पोर्टचं नाव 'पोर्टप्रॉम्प्ट', म्हणजे दर वेळी विचारणारा. खिडकी उघडते ती या पोर्टमुळे. पोर्ट बदलला की खिडकी गेली.

दुसरी गोष्ट, कोणतंही सॉफ्टवेअर प्रिंटचं काम पाठवताना त्यासोबत एक शीर्षक पाठवतं. आपोआप नाव देणारा प्रोग्राम हेच शीर्षक उचलतो. तेव्हा तुमचं सॉफ्टवेअर नक्की काय पाठवतं ते सुरुवातीलाच बघून घ्या. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन कुठलाही प्रिंटर उघडा, त्याची रांग 'पॉज' करा, एक बिल प्रिंटला द्या आणि रांगेत 'डॉक्युमेंट नेम' या रकान्यात काय आलंय ते वाचा. वर्ड असेल तर फाईलच्या नावाआधी 'मायक्रोसॉफ्ट वर्ड' असं शेपूट उलटं लागलेलं दिसेल. क्रोम वेबपानाचं शीर्षक पाठवतं. जुनी बिलिंग सॉफ्टवेअरं बहुतेकदा प्रत्येक बिलाला 'इन्व्हॉइस' एवढंच लिहितात. वाचून झालं की ते काम रांगेतून काढून टाका आणि पॉज उठवा. पॉज उठवायचा राहिला तर अर्ध्या तासानं 'प्रिंटर बिघडला' म्हणून फोन येतो.

शीर्षकात बिल नंबर येत असेल तर तुम्ही नशीबवान. नसेल तर नावासाठी तारीख-वेळ आणि चालता क्रमांक यांवर भागवावं लागेल.

नावाचा नमुना कागदावर लिहून काढा. मी तारीख नेहमी वर्ष-महिना-दिवस अशी पहिली घेतो. '२०२५-१०-०७' असं लिहिलं की फोल्डरमध्ये नावानुसार लावल्यावर फाईली आपोआप तारखेच्या क्रमानं बसतात. '०७-१०-२०२५' लिहिलं की सगळ्या महिन्यांच्या सात तारखा एका जागी गोळा होतात. (कॉम्प्युटर अर्थात इंग्रजी आकडे टाकेल, क्रम तोच.) आणि तिरकी रेघ सांभाळा. जीएसटीच्या नियमांप्रमाणे बिल क्रमांक जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्यात आडवी रेघ आणि तिरकी रेघ दोन्ही चालतात, म्हणून आपल्याकडे निम्मी दुकानं '२५-२६/११३' असे नंबर घालतात. विंडोजला मात्र फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही. विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब, प्रश्नचिन्ह, चांदणी, दुहेरी अवतरण, उभी रेघ, कोनाकृती कंस हेही नाही. चांगले प्रोग्राम त्याजागी अंडरस्कोर, म्हणजे ओळीच्या तळाशी बसणारी रेघ, घालतात. नवीन आर्थिक वर्ष सुरू होत असेल तर नंबरातच आडवी रेघ घ्या, प्रश्नच मिटला.

काहीही इन्स्टॉल न करता

ऑफिसात नवीन सॉफ्टवेअर टाकायची परवानगी नसेल किंवा दिवसाला दोन-चारच कागद निघत असतील, तर ही युक्ती पुरते. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मात्र लागेल.

१. आधी एक साधा फोल्डर करा, सी किंवा डी ड्राइव्हच्या तोंडाशीच. विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरांत किंवा वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात नको. सिंकवाला प्रोग्राम फाईल धरून ठेवतो आणि प्रिंट अडकते.

२. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, अ‍ॅड डिव्हाइस. थोडं थांबलं की खाली 'मॅन्युअली' जोडण्याचा पर्याय येतो, तो घ्या. पुढच्या खिडकीत लोकल प्रिंटर मॅन्युअल सेटिंग्जसह जोडण्याचा शेवटचा पर्याय निवडा.

३. 'क्रिएट अ न्यू पोर्ट' आणि प्रकार 'लोकल पोर्ट'. पोर्टचं नाव विचारलं की तिथं फाईलचा पूर्ण पत्ता टाका: ड्राइव्ह, फोल्डर, फाईलचं नाव आणि शेवटी डॉट पीडीएफ. इथं नावाच्या जागी अख्खा पत्ता लिहायचा, ही सगळी गंमत त्यातच आहे.

४. कंपन्यांच्या यादीत मायक्रोसॉफ्ट, प्रिंटरच्या यादीत 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ'. ड्रायव्हर आधीपासून आहे, तोच वापरू का असं विचारेल; हो म्हणा.

५. प्रिंटरला ओळखू येईल असं नाव द्या, पण रोमन लिपीत. जुन्या सॉफ्टवेअरच्या यादीत देवनागरी नावाची प्रश्नचिन्हं होतात. शेअर करू नका.

आता या प्रिंटरवर काहीही पाठवा, खिडकी उघडणार नाही, फाईल गपचूप फोल्डरात.

मी पहिल्यांदा हे लावलं तेव्हा स्वतःवर जाम खूश होतो. सकाळी लावलं, दिवसभर काउंटर धडाधड चाललं, मुलगाही खूश. संध्याकाळी फोल्डर उघडला तर आत एकच फाईल. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या दोन पोती सिमेंटची. पोर्टला एकच पत्ता दिलाय, तर तो दर वेळी त्याच पत्त्यावर लिहिणार, जुनं पुसून. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये नोंदी होत्या म्हणून निभावलं, त्या रात्री बसून सगळी बिलं पुन्हा काढली.

म्हणून या युक्तीला जोड लागते. विंडोज ११ मध्ये 'पॉवर ऑटोमेट' हे ठरावीक कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर आधीपासून असतं आणि विंडोज १० वाल्यांना ते २०२१ पासून फुकट मिळतं. त्यात नवीन फ्लो, म्हणजे पायऱ्यांची साखळी, काढा. सगळ्यात बाहेर कधीच न संपणारं लूप. त्याच्या आत चार पायऱ्या: 'वेट फॉर फाईल' मध्ये तोच पत्ता आणि 'फाईल तयार होईपर्यंत' हा पर्याय, मग ५ सेकंद थांबणं, कारण फाईल दिसते तेव्हा ती पूर्ण लिहून झालेली असतेच असं नाही, मग 'रिनेम फाईल' मध्ये 'अ‍ॅड डेटटाइम', म्हणजे नावामागे चालू तारीख-वेळ, आणि शेवटी 'मूव्ह फाईल' करून कायमच्या फोल्डरात. वेळेत सेकंदही घ्या. नुसते तास-मिनिटं घेतली तर एकाच मिनिटातली दोन बिलं एकमेकांवर आदळतात.

फुकटच्या आवृत्तीत हा फ्लो रोज सकाळी हातानं चालू करावा लागतो. शिवाय त्या ५ सेकंदांत दुसरं बिल निघालं तर पहिलं गेलंच. तेव्हा एकट्यानं चालवायच्या ऑफिसला ठीक. गर्दीच्या काउंटरवर ही युक्ती वापरू नका, मी वापरून बसलोय.

रोजच्या कामासाठी: स्वतःच नाव देणारा प्रिंटर

पीडीएफ क्रिएटर, बुलझिप, क्लॉपीडीएफ ही अशा प्रिंटरांची ओळखीची नावं. क्लॉपीडीएफ हे पीडीएफ क्रिएटरच्या जुन्या मुक्त आवृत्तीतून निघालेलं आहे, म्हणून दोघांच्या सेटिंग बऱ्याच सारख्या. बुलझिप १० वापरणाऱ्यांपर्यंत धंद्यासाठीही फुकट आहे. पीडीएफ क्रिएटर दुकानात टाकायचं असेल तर फुकट आवृत्तीच्या अटी इन्स्टॉल करतानाच वाचा, आणि मध्येच दुसरं काही टाकू का असं विचारलं तर नको म्हणा.

पीडीएफ क्रिएटरमध्ये सगळं 'प्रोफाईल', म्हणजे सेटिंगांच्या एका संचा, भोवती फिरतं. नवीन प्रोफाईल करा, नाव द्या 'बिल'. सेव्हच्या भागात दोन प्रकार दिसतील, एक विचारणारा आणि एक आपोआप. आपोआप, म्हणजे 'ऑटो सेव्ह' निवडा. लगेच खाली एकमेव नावाची खात्री करणारा पर्याय असतो, 'एन्शुअर युनिक फाईलनेम्स'. त्याला बरोबरची खूण हवीच. तेच नाव पुन्हा आलं तर हा मागे आकडा जोडतो, जुनी फाईल पुसत नाही. माझी ती सिमेंटच्या पोत्यांची संध्याकाळ या एका खुणेनं वाचली असती.

नावाच्या चौकटीत 'टोकन' टाकायची. कोनाकृती कंसातला एकेक शब्द असतो आणि प्रोग्राम त्याजागी खरी माहिती भरतो. यादी शेजारच्या बटणात मिळते, टाईप करायची गरज नाही. टायटल म्हणजे प्रिंटच्या कामाचं शीर्षक, डेटटाइम म्हणजे तारीख-वेळ, काउंटर म्हणजे चालता क्रमांक, युजरनेम म्हणजे कुणाच्या लॉगिनवरून निघालं ते. तारखेच्या टोकनला स्वतःचा साचा देता येतो. माझा नमुना तारीख, अंडरस्कोर, टायटल, अंडरस्कोर, काउंटर असा. शीर्षकात बिल नंबर येत नसेल तर टायटल गाळा, उगाच प्रत्येक फाईलला 'इन्व्हॉइस' चिकटतं.

हीच टोकनं फोल्डरच्या पत्त्यातही चालतात आणि लोकांना हे सहसा माहीत नसतं. पत्त्याच्या शेवटी वर्ष-महिन्याचं टोकन टाकलं की १ तारखेला पहिलं बिल निघताच नवीन महिन्याचा फोल्डर आपोआप उभा राहतो. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळायचे असतात. सहा वर्षांची बिलं एका फोल्डरात कोंबली तर तो उघडतानाच कॉम्प्युटर धापा टाकतो.

वर्डचं शेपूट कापायचं असेल तर प्रोग्रामच्या मुख्य सेटिंगमध्ये 'टायटल' चा भाग असतो. कोणते शब्द शीर्षकातून गाळायचे याची यादी तिथं करता येते, नेहमीचे काही आधीच घातलेले असतात.

पीडीएफ झाल्यावर ती उघडून दाखवणारी कृती बंद करा. दिवसाला ७० खिडक्या कुणाला हव्यात! त्याउलट 'प्रिंट' ची कृती दुकानदारांच्या फार कामाची. पीडीएफ सेव्ह झाली की तीच खऱ्या प्रिंटरवर पाठवायची असं त्यात सांगता येतं. म्हणजे एकदा प्रिंट दाबलं की कागद हातात आणि फाईल फोल्डरात.

शेवटी 'प्रिंटर्स' च्या भागात जाऊन आणखी एक प्रिंटर जोडा आणि त्याला हे प्रोफाईल बांधून टाका. बिलांना एक, कोटेशनला दुसरा, पत्रांना तिसरा, असे तीन प्रिंटर यादीत दिसले की काउंटरवरच्या माणसाला फोल्डर ठरवावा लागत नाही. प्रिंटर निवडला की फोल्डर ठरला.

बुलझिपमध्येही कल्पना हीच: नावाच्या चौकटीत कंसातले शब्द, आणि सेव्ह व सेटिंगच्या खिडक्या 'नेव्हर'.

अ‍ॅक्रोबॅट विकत घेतलेलं असेल तर

वाचायचा फुकट रीडर नव्हे, पैसे मोजून घेतलेलं अ‍ॅक्रोबॅट. त्यासोबत 'अ‍ॅडोबी पीडीएफ' नावाचा प्रिंटर येतो. त्याच्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये 'अ‍ॅडोबी पीडीएफ आउटपुट फोल्डर' ही ओळ शोधा. तिथं मुळात फाईलचं नाव विचारण्याचा पर्याय असतो. त्याऐवजी ब्राउझ करून फोल्डर द्या. खालची 'व्ह्यू अ‍ॅडोबी पीडीएफ रिझल्ट्स' ही खूण काढा. नाव शीर्षकावरूनच येतं, टोकनं नाहीत, एवढी उणीव.

इथं एक बारीक गोष्ट आहे आणि ती सगळ्याच प्रिंटरांना लागू पडते. 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस' मध्ये केलेला बदल फक्त तुमच्या लॉगिनपुरता असतो. त्याच कॉम्प्युटरवर दुसरा माणूस दुसऱ्या लॉगिननं बसला की त्याला पुन्हा खिडकी दिसते. सगळ्यांसाठी बदलायचं तर प्रिंटर प्रॉपर्टीज, त्यात 'अ‍ॅडव्हान्स्ड', त्यात 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'. खिडकी हुबेहूब तीच दिसते, म्हणूनच लोक फसतात.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर हे काम इतकं सोपं आहे की विंडोजवाल्यांना राग यावा. तुमच्या होम फोल्डरमधल्या 'लायब्ररी' त 'पीडीएफ सर्व्हिसेस' नावाचा फोल्डर असतो, नसेल तर करा. ज्या फोल्डरात फाईली हव्यात त्याचा 'एलियस', म्हणजे शॉर्टकट, काढून इथं ठेवा. पुढच्या वेळी प्रिंटच्या खिडकीतल्या पीडीएफ मेनूत त्या फोल्डरचं नाव दिसेल; त्यावर क्लिक केलं की फाईल न विचारता तिथं. तारीख जोडायची तर 'ऑटोमेटर' मध्ये 'प्रिंट प्लगइन' या साच्याचं काम करा: आधी 'रिनेम फाइंडर आयटम्स' नं तारीख जोडायची, मग 'मूव्ह फाइंडर आयटम्स'. मूव्हमध्ये जुन्या फाईलीवर लिहिण्याची खूण रिकामी ठेवा.

उबुंटू, डेबियनवर 'कप्स-पीडीएफ' हे पॅकेज टाका. फाईली होम फोल्डरातल्या 'पीडीएफ' नावाच्या फोल्डरात पडतात. पॅकेजच्या कॉन्फिगरेशन फाईलमध्ये 'लेबल' नावाची ओळ आहे, ती शून्यावर असेल तर सारख्या शीर्षकाची फाईल पुसली जाते. १ केलं की कामाचा क्रमांक नावाच्या आधी लागतो, २ केलं की मागे. तिथलीच 'पोस्टप्रोसेसिंग' ही ओळ तुमची स्क्रिप्ट चालवते. मराठी शीर्षकांच्या जागी अंडरस्कोरची माळ दिसली तर घाबरू नका, नावापुरतंच आहे. आतला मजकूर शाबूत असतो.

जिथं हमखास ठेच लागते

कागद. हे प्रिंटर पुष्कळदा अमेरिकन 'लेटर' आकारावर येतात. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए-फोर २१० बाय २९७. उंचीत १८ मिलिमीटर कमी पडतात आणि बिलाच्या तळाची सही-शिक्क्याची ओळ दुसऱ्या पानावर उडी मारते. आधी कागद ए-फोर करा, मग बाकी सगळं.

डिफॉल्ट प्रिंटर. विंडोजच्या प्रिंटर सेटिंगमध्ये 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' चालू असेल तर शेवटचा वापरलेला प्रिंटर डिफॉल्ट होऊन बसतो. कुणीतरी आधार कार्डाची प्रत छापायला खरा प्रिंटर निवडला की पुढची बिलं कागदावर. बंद करा.

मराठी मजकूर. पीडीएफ दिसायला सुंदर असते, पण तिच्यात 'किशोर' शोधलं की सापडत नाही. कागदावर छापायचं तर वेलांटी 'क' च्या आधी काढावी लागते, साठवताना मात्र ती 'क' च्या नंतर असते. प्रिंटच्या वाटेनं जाताना फाईलमध्ये पुष्कळदा आकारच उरतात, त्यांच्यामागची अक्षरं गळतात. जोडाक्षरं आणि रफार यांचेही असेच हाल. तपासायची रीत सोपी: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. कचरा आला तर त्या कागदासाठी एक्सपोर्टचाच रस्ता. मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टात असेल तर एक्सपोर्टनंही शोध लागणार नाही, तिथं आत मुळात रोमन अक्षरंच असतात. अशा फाईलींचा सगळा भार नावावर.

डिजिटल सहीचे कागद. महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून पैसे भरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आपोआप नाव मिळावं म्हणून या प्रिंटरमधून पुन्हा काढू नका. सहीचं चित्र दिसेल, सही गेलेली असेल. उतरवलेली मूळ फाईल आहे तशीच उचलून फोल्डरात टाका.

सगळं लागलं की काउंटर उघडण्याआधी एक परीक्षा घ्या. तीन बिलं न थांबता पाठोपाठ प्रिंटला द्या, त्यांतलं एक तिरक्या रेघेच्या नंबराचं. मग आधीची पीडीएफ उघडी ठेवून चौथं. फोल्डरात चार फाईली दिसायला हव्यात, आणि चारही उघडायला. कॉम्प्युटर बंद करून चालू करा, दुसऱ्या लॉगिननं बसा आणि पाचवं काढा.